भरपूर पळालेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस : निगा आणि फेरफार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे नेमक्या कोणत्या गाडीला लागू पडतात?

२००४ साली भारतात आलेल्या पहिल्या पिढीच्या पेट्रोल ऑक्टाव्हिया आरएसला. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी होऊन ती बाजारात येत असे आणि भारतातली पहिली टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र असलेली) पेट्रोल प्रवासी गाडी म्हणून कंपनीने तिची जाहिरात केली होती. १७८१ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला तीन इनलेट आणि दोन एक्झॉस्ट असे एकूण वीस वाल्व्ह, १५० अश्वशक्ती, २१० न्यूटन-मीटर टॉर्क आणि पाच गिअर असा तिचा थाट होता. युरोपातल्या आरएसला १८० अश्वशक्ती मिळत असे. म्हणजे बिल्ला तोच असला तरी आपल्याकडची गाडी जरा सौम्य होती, आणि इतक्या वर्षांनी इंजिन टिकून राहण्याच्या दृष्टीने ते आपल्या पथ्यावरच पडले आहे. याच घराण्याचे इंजिन चौथ्या पिढीच्या गोल्फमध्ये, ऑडी ए३, टीटी आणि ए४ मध्ये, तसेच पसाटमध्येही बसवले जाई. त्यामुळे इथली बरीचशी माहिती त्या गाड्यांच्या मालकांनाही उपयोगी पडेल.

मीटरवर दोन लाख किलोमीटर दिसत असतील तर गाडी घ्यावी का?

घेता येईल, पण आकडा पाहून नव्हे, नोंदी पाहून. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे आणि वेळेवर योग्य ऑइल मिळाले असेल तर दोन लाख किलोमीटर हे त्याच्या दृष्टीने म्हातारपण नव्हे. म्हातारे होते ते इंजिनाभोवतीचे सामान: रबरी नळ्या, प्लास्टिकचे जोड, सेन्सर, बुश, वायरिंगवरचे आवरण. मीटरवर नव्वद हजार दाखवणारी आणि सर्व्हिसचा एकही कागद नसलेली गाडी आणि दोन लाखांच्या पुढे गेलेली पण टायमिंग बेल्टची (पिस्टन आणि वाल्व्ह यांची चाल जुळवणाऱ्या पट्ट्याची) दोन बिले जपून ठेवलेली गाडी यांतून निवड करायची झाली, तर दुसरी बेधडक घ्यावी. मीटर मागे फिरवणे आपल्या बाजारात अवघड नाही. बेल्टची जुनी बिले मात्र कोणी सहसा खोटी बनवत बसत नाही.

खरेदीच्या किमतीच्या निम्मी तरी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी. तेवढी सोय नसेल तर सध्या ही गाडी घेऊ नये.

घेण्यापूर्वी काय काय तपासावे?

गाडी थंड असतानाच पाहायला जावे आणि आपण पोहोचण्यापूर्वी इंजिन सुरू करू नये असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. बॉनेटला हात लावून तो गरम लागला, तर विनंती का मोडली याचे कारण विचारावे. थंड इंजिन सुरू होताच इंजिनाच्या वरच्या भागातून, म्हणजे हेडच्या बाजूने, दोन-तीन सेकंदांहून अधिक काळ खडखड आली, तर दोन कॅमशाफ्टना (वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना) जोडणाऱ्या छोट्या साखळीचा टेन्शनर संपत आला असण्याची शक्यता असते. हा भाग बेल्टच्या कामात बदलला जात नाही, त्यामुळे तो पुष्कळदा विस्मरणात जातो, आणि त्याच्या खालचे गॅस्केटही हमखास पाझरते.

नंतर ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत पाहावे. तपकिरी झाक चालते. काळा, शेवाळासारखा थर दिसला तर ऑइल बदलण्याचे अंतर फार लांबवले गेले आहे हे निश्चित. एक्झॉस्टमधून बराच वेळ आयडलिंगनंतर निळा धूर येतो का, कूलंटच्या डब्यात तेलाचा तवंग आहे का, गाडीखाली ओल आहे का, हेही पाहावे. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टनने आत दाबलेल्या हवेचा दाब) मोजून घेण्याचा आग्रह धरावा. चांगल्या इंजिनात ते ९ ते १४ बारच्या दरम्यान असते, ७ बार ही झिजेची शेवटची मर्यादा मानली जाते आणि दोन सिलिंडरांतला फरक ३ बारपेक्षा जास्त असू नये. प्रत्यक्षात एकसारखे १० बार दाखवणारे इंजिन हे १३, १३, १२ आणि ९ दाखवणाऱ्या इंजिनापेक्षा बरे.

टर्बोसाठी हवेची नळी काढून कॉम्प्रेसरचे चाक हाताने हलवून पाहता येते. बाजूला किंचित हलले तर घाबरू नये, कारण हे बेअरिंग तेलाच्या पातळ थरावर तरंगणारे असल्याने इंजिन बंद असताना थोडी हालचाल असतेच. पण चाक आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बोचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

शेवटी स्कॅनर लावावा. आदल्या दिवशी कोड (संगणकाने नोंदवलेले दोषांचे क्रमांक) पुसले आहेत की काय हे त्यावरून ओळखता येते, कारण पुसल्यानंतर उत्सर्जनाशी संबंधित चाचण्या पूर्ण झालेल्या दिसत नाहीत. विक्रेता स्कॅनर लावू देत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

गाडी हाती आल्यावर सर्वांत पहिले काम कोणते?

टायमिंग बेल्ट, जर तो शेवटचा केव्हा बदलला याचा कागद नसेल तर. हे इंजिन असे आहे की बेल्ट तुटला किंवा दात सुटले तर पिस्टन उघड्या वाल्व्हवर आदळतात, वाल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावेच लागते. आपल्याकडची धूळ, उष्णता आणि थांबत-थांबत चालणारी वाहतूक पाहता साठ ते सत्तर हजार किलोमीटर किंवा पाच वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते अंतर मी सुरक्षित मानतो.

फक्त बेल्ट बदलणे ही काटकसर नव्हे. टेन्शनर, त्याचा हायड्रॉलिक दट्ट्या, रोलर आणि वॉटर पंप हे सर्व एकाच वेळी बदलावे. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो आणि मूळच्या अनेक पंपांचा पंखा प्लास्टिकचा असतो. तो कालांतराने तडकतो किंवा शाफ्टवर नुसता फिरत राहतो, आणि बाहेरून सगळे ठीक दिसत असताना आत कूलंट फिरतच नाही. धातूच्या पंख्याचा पंप मागून घ्यावा. थर्मोस्टॅटही त्याच बैठकीत बदलला की मजुरी एकदाच पडते.

इंजिन ऑइल कोणते आणि किती दिवसांनी?

फोक्सवॅगनचे व्हीडब्ल्यू ५०२.०० हे प्रमाण डब्यावर स्पष्ट छापलेले, पूर्ण सिंथेटिक, ५डब्ल्यू-४० दर्जाचे ऑइल. फिल्टरसह साधारण साडेचार लिटर लागते. अंतराबाबत जुन्या पुस्तिकेत काहीही लिहिलेले असो, या वयाच्या गाडीत सात-साडेसात हजार किलोमीटर किंवा एक वर्ष यापुढे जाऊ नये.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी जवळून जाते. तिथल्या उष्णतेने ऑइल जळून कोळशाचे कण तयार होतात. ते नळीत साचतात किंवा खाली उतरून चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. जाळी चोंदली की दाब घटतो, आणि त्याचा पहिला बळी टर्बोचे बेअरिंग ठरते. ही तक्रार पसाट आणि ए४ मध्ये, म्हणजे इंजिन उभे (गाडीच्या लांबीच्या दिशेने) बसवलेल्या व लहान चेंबर असलेल्या गाड्यांत, अधिक गाजली. ऑक्टाव्हियात इंजिन आडवे आणि ऑइल जास्त असल्याने धोका कमी आहे, नाहीसा झालेला नाही. म्हणून इतिहास माहीत नसलेल्या गाडीचा चेंबर एकदा उतरवून जाळी पाहणे आणि टर्बोची ती नळी नवी टाकणे हे बेल्टच्या खालोखालचे काम समजावे. इंजिन फ्लश नावाची बाटली ओतून हे काम होत नाही. उलट सुटलेला गाळ थेट जाळीवर जाऊन बसण्याची भीती असते.

ऑइलचा लाल दिवा बझरसह लागला तर ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ असा विचार न करता तिथेच इंजिन बंद करावे.

टर्बो गाडी बंद करण्यापूर्वी थांबावे लागते का?

घाट जोरात चढून लगेच खाण्यासाठी थांबलात, तर मिनिटभर आयडलिंगवर ठेवून मग बंद करावी. घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर सावकाश आला असाल तर त्याची गरज नाही. इंजिन थंड असताना टर्बोवर जोर न देणे हे त्याहून महत्त्वाचे आहे. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल गरम झाले असे नव्हे. त्याला आणखी काही किलोमीटर लागतात.

मेकॅनिक म्हणतो टर्बो गेला. त्यावर विश्वास ठेवावा का?

पुरावा मागावा. निळा धूर आणि इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) नळीत तेल एवढ्यावरून टर्बो उतरवण्याचा सल्ला फार लवकर दिला जातो. क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या पोकळीतला) धूर बाहेर काढणाऱ्या नळ्या आणि त्यांतले एकमार्गी वाल्व्ह या इंजिनात इनटेकखाली दडलेले असतात. वीस वर्षांत ते मऊ पडून चिकटतात किंवा फाटतात. वाट बंद झाली की आत दाब वाढतो, टर्बोतून चेंबरकडे परतणारे ऑइल अडते आणि चांगल्या टर्बोच्या सीलमधूनही ते बाहेर ढकलले जाते. या नळ्यांचा पूर्ण संच बदलणे टर्बोच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्चाचे आहे, आणि ते न करता नवा टर्बो बसवला तर तोही काही महिन्यांत तसाच धूर सोडू लागतो. टर्बो खरोखरच गेला असेल तर मात्र नवी ऑइल नळी, स्वच्छ इंटरकूलर आणि ताजे ऑइल यांशिवाय तो बसवू देऊ नये.

गाडी अचानक ओढेनाशी होते आणि बंद करून चालू केली की ठीक होते. असे का?

संगणकाने स्वतःहून बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, कमी केला आहे. हवेचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब यांत मोठा फरक पडला की तो सावधपणाच्या अवस्थेत जातो. १७७०५ हा कोड असेल तर टर्बो आणि थ्रॉटल यांच्या दरम्यान दाब गळतो आहे. १७९६३ असेल तर उलट, दाब मर्यादेबाहेर वाढला आहे.

गळतीची ठरलेली ठिकाणे आहेत. डायव्हर्टर वाल्व्हचा (ॲक्सिलरेटर सोडल्यावर दाबाची हवा परत आत वळवणाऱ्या वाल्व्हचा) पडदा फाटणे हे पहिले. तोंडाने हवा ओढून तो वाल्व्ह धरून राहतो का हे पाहण्याची जुनी पद्धत आजही पुरेशी आहे. त्यानंतर इंटरकूलरच्या नळ्यांचे जोड, आणि टर्बोला हवा पुरवणारी मोठी रबरी नळी, जिला खालच्या बाजूने पडलेली चीर वरून दिसतच नाही. एकेक नळी चाचपत बसण्यापेक्षा संपूर्ण हवेच्या मार्गात बाहेरून अर्धा-पाऊण बार दाब भरून साबणाच्या पाण्याने फुगे शोधावेत. या चाचणीसाठी लागणारे झाकण पीव्हीसी पाइपच्या दुकानातल्या सामानातूनही बनते.

दाब वाढण्याच्या तक्रारीत वेस्टगेटचा (जादा एक्झॉस्ट टर्बोला टाळून सोडणाऱ्या झडपेचा) दांडा गंजून अडकणे आणि त्याला हवा देणारा एन७५ वाल्व्ह किंवा त्याची बारीक नळी यांकडे पाहावे. मुंबई, रत्नागिरी, मालवण अशा खाऱ्या हवेच्या गावांतल्या गाड्यांत दांडा अडकणे जास्त आढळते.

मिसिंग होते आणि इंजिनाचा दिवा लुकलुकतो. चालवत राहावे का?

नाही. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या एक्झॉस्टमधल्या भागात) जाऊन तिथे पेटते आणि तो वितळू शकतो. बहुतेक वेळा दोष इग्निशन कॉइलचा (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचा) असतो. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. मिसिंगही तिकडे गेले तर निदान झाले. एक सुटी कॉइल डिकीत ठेवणे शहाणपणाचे आहे.

स्कॅनरवर कोणते आकडे पाहावेत?

कोड वाचणे ही अर्धीच तपासणी आहे. व्हीसीडीएससारख्या, फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांची भाषा जाणणाऱ्या साधनाने चालू आकडे क्रमांक दिलेल्या गटांत पाहता येतात आणि चार गटांवर बरेचसे भागते.

गट ००३ मध्ये हवेचा प्रवाह दर सेकंदाला किती ग्रॅम आहे ते दिसते. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन मिळणाऱ्या सर्वोच्च आकड्याला ०.८ ने भागले की अश्वशक्तीचा ढोबळ अंदाज मिळतो, म्हणजे निरोगी मूळ गाडीत १२० ग्रॅमच्या आसपासचा आकडा यायला हवा. तो ९० वर अडकत असेल तर हवा मोजणारा सेन्सर थकला आहे किंवा हवा गळते आहे. गट ११५ मध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी दिसतो. गट ०२० मध्ये ठोका (नॉकिंग, म्हणजे इंधनाचे अवेळी पेटणे) ऐकून संगणकाने प्रत्येक सिलिंडरच्या ठिणगीचे टायमिंग किती अंश मागे घेतले ते कळते. पूर्ण भारावर दोन-तीन अंश चालतात, सातत्याने सहाच्या वर जात असेल तर पेट्रोल, तापमान किंवा रिमॅप (इंजिनाच्या संगणकातली बदललेली फाइल) यांपैकी काहीतरी चुकते आहे.

गट ०३२ मात्र सध्या जपून वाचावा लागतो. त्यात इंधनाची दुरुस्ती टक्क्यांत दिसते: पहिला आकडा आयडलिंगचा, दुसरा चालत्या गाडीचा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे साडेतेराच. म्हणजे तेवढ्याच हवेला संगणक आठ-नऊ टक्के जास्त इंधन देणार आणि दुसरा आकडा तितका वर दिसणार. तो पाहून गळती शोधत दिवस घालवू नयेत. खरी व्हॅक्यूम गळती असेल तर तिचा प्रभाव आयडलिंगवर, म्हणजे पहिल्या आकड्यावर, अधिक दिसतो.

ई२० पेट्रोल या गाडीला चालते का? आणि जास्त ऑक्टेनचे घ्यावे का?

ही गाडी वीस टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेली नाही, पण पंपावर आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. इंजिनाच्या ज्वलनाला त्याचा त्रास नाही, इथेनॉलमुळे ठोका कमीच होतो. त्रास जुन्या रबराला होतो. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या रबरी नळ्या, इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि पेट्रोल फिल्टर एकदा बदलून घ्यावे, आणि नव्या नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या आहेत याची खात्री करावी. पेट्रोलचा वास येत असताना गाडी चालवू नये. खाली तापलेला टर्बो आहे. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नये. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, तेव्हा मायलेज थोडे घटणार, त्याला इलाज नाही.

ऑक्टेनबाबत, म्हणजे पेट्रोलच्या ठोका रोखण्याच्या क्षमतेबाबत, उत्तर सोपे आहे. पेट्रोल ९१ ऑक्टेनचे असेल तर ते मूळ गाडीला सावकाश चालवण्यापुरते ठीक. उन्हाळ्यात, घाटात किंवा रिमॅप केलेल्या गाडीत ९५ च घ्यावे. १०० ऑक्टेनचे पेट्रोल ९५ साठी लिहिलेल्या रिमॅपला विशेष काही देत नाही.

गाडी गरम होते. रेडिएटर बदलू का?

आधी पाणी कुठून जाते आहे ते शोधावे. हेडच्या बाजूचा प्लास्टिकचा फ्लँज तडकणे, पंपाचा पंखा फिरणे, रेडिएटरच्या पंख्याची एकच गती चालणे ही नेहमीची कारणे आहेत. काटा वर-खाली नाचत असेल किंवा गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरत असेल, तर तापमानाचा सेन्सर बदलावा. तो स्वस्त आहे आणि तो चुकला की इंधनाचा सगळा हिशेब चुकतो. कूलंट जी१२ किंवा त्यानंतरच्या जातीचा, डिस्टिल्ड पाण्यात निम्मा मिसळून वापरावा. हिरवा कूलंट त्यात मिसळला की चिखलासारखा गाळ होतो. रस्त्यात बिसलरी ओतावी लागली तर हरकत नाही, पण घरी आल्यावर पुन्हा प्रमाण जुळवावे.

पावसाळ्यापूर्वी काय करावे?

वायपरखालची प्लास्टिकची पन्हळ उचलून साफ करावी. इंजिनाचा संगणक तिथेच, काचेखालच्या खोलगट भागात बसवलेला आहे. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांनी निचरा तुंबतो, पाणी साचते आणि संगणक बुडतो. जुना संगणक आणून लावणे सरळ नाही, कारण तो मीटर आणि किल्ली यांच्याशी जोडलेला असतो. दारांच्या आतल्या पडद्याचा चिकटपट्टा सुटूनही गालिचाखाली पाणी शिरते. गालिचा कुबट वासाचा वाटला तर पंख्याने वरून वाळवून थांबू नये, तो उचलावा.

फेरफार कोणत्या क्रमाने करावेत?

गळती शून्य, तापमान स्थिर, वरच्या चार गटांतले आकडे योग्य, हे आधी. त्यानंतर ब्रेक आणि टायर, मग सस्पेन्शनचे रबर, मग इग्निशन आणि क्लच, आणि त्यानंतरच रिमॅप. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात, कारण रिमॅप एका दुपारी होतो आणि बुश बदलल्याचे मित्रांना सांगता येत नाही. पण गळक्या गाडीवर केलेला रिमॅप टर्बोला गळतीइतके जास्त फिरवून दाब भरून काढायला लावतो, आणि मग ‘रिमॅपमुळे टर्बो गेला’ ही कथा तयार होते.

रिमॅपने किती फरक पडतो आणि धोका किती?

मूळ गाडीत बूस्ट साधारण अर्ध्या बारच्या आसपास असतो. जपून लिहिलेल्या रिमॅपने तो वाढवून १८० ते १९० अश्वशक्ती आणि २७०-२८० न्यूटन-मीटरच्या घरातला टॉर्क मिळतो. टर्बो इंजिनात पैशाच्या तुलनेत इतका फायदा दुसऱ्या कशातूनही होत नाही हे मान्य करायला हवे. या मर्यादेत इंजिनाच्या आतले भाग सुरक्षित असतात. कमजोर दुवा क्लचचा: जुनी क्लच प्लेट चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये घसरू लागते. गिअरबॉक्सही मोठ्या टॉर्कसाठी बनलेला नाही, म्हणून खालच्या आरपीएमला एकदम टॉर्क देणारा रिमॅप टाळून तो हळूहळू चढणारा मागावा.

रिमॅप करणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या ऑक्टेनसाठी लिहिला आहे? मूळ फाइल जतन करून परत देणार का? करण्यापूर्वीची आणि नंतरची आकड्यांची नोंद, विशेषतः ठोक्याची, दाखवणार का? तिसऱ्या प्रश्नावर जो नुसता डायनोचा (शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा) कागद पुढे करतो, त्याच्याकडून करून घेऊ नये. वायरमध्ये जोडायच्या स्वस्त ट्यूनिंग बॉक्सविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

रिमॅपसोबत एक पायरी थंड दर्जाचे स्पार्क प्लग आणि ०.७ मिलिमीटरचा गॅप ठेवतात, आणि प्लग दर पंधरा-वीस हजारांनी बदलतात.

‘फुस्स’ आवाजासाठी ब्लो-ऑफ वाल्व्ह बसवू का?

नको. या इंजिनात हवा आधीच मोजलेली असते. ती बाहेर सोडली की संगणक निघून गेलेल्या हवेसाठीही पेट्रोल देतो, गिअर बदलताना गाडी गचका खाते आणि काळा धूर येतो. मूळ, हवा परत आत वळवणारा वाल्व्हच चांगल्या प्रतीचा घ्यावा. तेल लावलेल्या कापडी एअर फिल्टरबाबतही हेच मत: त्यातले तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते.

मोठा इंटरकूलर किंवा मोठा टर्बो?

इंटरकूलरचा विचार जरूर करावा. मूळचा छोटा इंटरकूलर पुढच्या चाकाच्या कमानीत कोंडलेला आहे आणि एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात दोन-तीनदा जोर दिल्यावर तो स्वतःच तापून बसतो. समोर बसवलेला इंटरकूलर शक्ती फारशी वाढवत नाही. असलेली शक्ती तिसऱ्या-चौथ्या वेळीही मिळते, एवढेच. आधी मूळ इंटरकूलर उतरवून आतले तेल आणि बाहेरची माती धुवावी, यानेच पुष्कळ फरक पडलेला दिसतो.

मोठ्या टर्बोसाठी मोठे इंजेक्टर, वेगळा एक्झॉस्ट, वेगळा क्लच आणि पुढे मजबूत कनेक्टिंग रॉड लागतात, कारण मूळ रॉड मोठ्या टॉर्कला वाकतात. माझ्या मते दोन लाख पळालेल्या ऑक्टाव्हियावर हा खर्च करू नये.

ब्रेक आणि सस्पेन्शनमध्ये काय करण्यासारखे आहे?

बहुतेक तक्रारी नव्या सामानाच्या नसून जुन्या रबराच्या असतात. लोअर आर्मचे बुश, स्टॅबिलायझरच्या लिंक, शॉकॲब्सॉर्बरवरचे माउंट आणि इंजिनाला खालून धरणारे माउंट बदलून चाकांचे अलाइनमेंट केले की गाडी पुन्हा पूर्वीसारखी सरळ धरते. ब्रेक ऑइल डॉट ४ दर दोन वर्षांनी बदलावे. पन्हाळा किंवा आंबोलीचा उतार उतरताना पॅडल मऊ लागते ते बऱ्याचदा जुन्या ऑइलमुळेच. २८८ मिलिमीटरची डिस्क असलेल्या गाडीवर याच घराण्याची ३१२ मिलिमीटरची डिस्क तिच्या ब्रॅकेटसह बसते, मात्र चाके सोळा इंच हवीत.

गाडी खाली बसवणे आपल्या गतिरोधकांवर परवडत नाही. चेंबर सर्वांत खाली असतो, आणि तो फुटल्यावर दिवा लागेपर्यंत ऑइल गेलेले असते.

हे सगळे कायदेशीर आहे का? विम्याचे काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेला तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ही बाजू उचलून धरली आहे. मूळ दर्जाचे बुश, पंप, ब्रेक पॅड, नळ्या ही दुरुस्ती आहे. रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते, इंजिन बदलायचे तर आधी परवानगी लागते. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर दंडाला थेट निमंत्रण आहे, आणि कन्व्हर्टर काढून टाकणे तर पीयूसीच्या दृष्टीनेही गैर आहे. रिमॅप आरसीवर दिसत नाही म्हणून तो नियमात बसतो असे समजू नये. विमा कंपनीला फेरफार लेखी न कळवता अपघाताचा दावा केला तर तो नाकारण्याचे कारण आपणच तिच्या हाती देतो. ज्यांना शक्तीची हौस पूर्ण करायची आहे त्यांनी चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवरचे दिवस पाहावेत.

सुटे भाग कुठे मिळतात?

झिजणारे भाग अजून मिळतात, कारण इंजिन अनेक गाड्यांत सामायिक आहे. भाग क्रमांक घेऊन शोधावे, गाडीचे नाव सांगून नव्हे. मुंबईत ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ इथे नव्या मालाची चौकशी करता येते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दार, दिवे, काच, बंपर असा जुना माल घ्यावा. टर्बो, वॉटर पंप, बेल्टचे सामान आणि ब्रेकचे कोणतेही भाग जुने घेऊ नयेत. फक्त आरएसला असलेले आसनांचे कापड, बंपर व बिल्ले दुर्मिळ होत आहेत; सापडतील तेव्हा घेऊन ठेवावेत.

गाडीला वीस वर्षे झाली. पासिंगचे कसे?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरील मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क दहा हजार रुपये केले. मुदत संपण्यापूर्वी अर्ज करावा आणि तपासणीला नेताना मूळ सायलेन्सर, मूळ दिवे आणि वाचता येणारा चेसिस क्रमांक असावा.

दिल्लीकडून स्वस्तात मिळणाऱ्या गाडीविषयी पुष्कळजण विचारतात. तिकडे पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे भाव पडलेले असतात, आणि कोकणातल्या गाडीपेक्षा तिचा पत्रा कमी गंजलेलाही असतो. पण ना-हरकत प्रमाणपत्र, इथला कर, नवा क्रमांक आणि एकाच वेळी येणारे नूतनीकरण हे सर्व जोडल्यावर स्वस्ताई किती उरते ते आधी कागदावर मांडावे. प्रमाणपत्र हातात पडण्यापूर्वी पूर्ण पैसे देऊ नयेत, आणि गाडी स्वतः चालवत आणायचा मोह झाला तरी बेल्टचा कागद नसेल तर ती ट्रकवरूनच आणावी.